कालवे तुडवू नयेत

बांध चालण्यासारखा झाला, त्या दिवसापासून त्यावर चालायला बंदी आली.

त्याआधी तो बांध फक्त नावाला होता. नवापूरच्या बाजूने खाडीतून निघणारा, सालवडच्या अंगाने बोईसरच्या बाजारामागे येऊन संपणारा एक जुना कालवा होता. तो गाळाने भरलेला, आणि त्याच्या काठाची माती खेकड्यांनी पोखरलेली. पाय घसरला की गुडघाभर चिखल. तेव्हा तिथून कुणीही जावं, म्हशीने जावं, अख्ख्या वरातीने जावं, सरकारचं काही म्हणणं नव्हतं. मग समुद्राकाठी वीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं, इकडे बोईसरला कारखान्यांच्या भिंती उठू लागल्या, आणि पावसाळ्यात हे सगळं पाणी जाणार कुठे, असा प्रश्न पडल्यावर कुणाला तरी हा कालवा आठवला. गाळ निघाला, बांध उंच झाला, वर तांबडा मुरूम पडला. इतका सुरेख की बघणाऱ्याला त्यावरून एक चक्कर मारावीशी वाटे. तिथेच बिघडलं.

त्या दुरुस्तीच्या कचेरीत मी हंगामी कारकून होतो. कचेरी म्हणजे सालवडच्या बाहेर, बांधाला लागून एक पत्र्याची शेड, दोन टेबलं आणि एक पाण्याचा माठ. माझं वय चोवीस, घर पालघरकडे नारळी-केळीच्या वाडीत. अंगात कौशल्य म्हणाल तर एकच, माझं अक्षर फार सुंदर होतं. हे मीच सांगतो आहे, कारण सांगणारं दुसरं कुणी आता उरलेलं नाही.

आमचे साहेब घाटावरचे. समुद्र त्यांनी प्रथम इथेच पाहिला, आणि तो त्यांना अव्यवस्थित वाटला. माणूस कामाला चोख, पण शुद्धलेखनाचं वेड असं की विचारू नका. एकदा मला ताप आला म्हणून मी रजेचा अर्ज दिला. 'आजारी असल्यामुळे'तला 'मु' माझ्या हातून दीर्घ पडला होता. साहेबांनी तांबड्या शाईने गोल करून अर्ज परत पाठवला. मी तो सुधारून दिला, तर दुसऱ्या ओळीत आणखी एक गोल. रजा मंजूर झाली तोवर माझा ताप उतरून मी कामावर हजर होतो, आणि मग हजर असताना रजा कशी, म्हणून ती पुन्हा नामंजूर झाली.

रोज सकाळी साहेब बांधावरून फिरायला निघत. त्याला ते 'पाहणी' म्हणत. पुढे ते, मागे वही घेऊन मी. एका हाताला नवे कारखाने, म्हणजे दोन-तीन उभे आणि बाकीचे चुन्याच्या रेघांत. दुसऱ्या हाताला भाताची खाचरं. कुठूनसं रंगाचं पाणी कालव्यात येई, आणि आमच्या शेडपाशी पडून असणारं एक पांढरं कुत्रं त्यात डुंबून आलं की पोटापर्यंत पिवळं होई, अगदी हळद लागलेल्या नवरदेवासारखं. साहेब मला वहीत लिहायला लावत, 'कुत्रे पिवळे'. पुढच्या आठवड्यात, 'कुत्रे हिरवे'. त्या नोंदींचं वर कुणी काय केलं, देव जाणे.

नऊच्या सुमाराला समोरून नवापूरच्या कोळणींची रांग येई. दहा-बारा बायका, डोक्यावर मासळीच्या पाट्या, बोईसरच्या बाजाराला निघालेल्या. ही त्यांची आईच्या आईपासूनची वाट. गाळ होता तेव्हा त्या गाळातून जात, आता मुरुमावरून जाऊ लागल्या. पाट्यांतून पाणी ठिबके. साहेबांच्या तांबड्या मुरुमावर काळ्या ठिपक्यांची ओळ उमटे, आणि ती पाहून साहेबांच्या कपाळावर आठ्यांची.

रांगेत सगळ्यांत मागे एक मावशी असे. पन्नाशी उलटलेली, आवाज खणखणीत, उजवा गुडघा कायमचा आखडलेला. ती आमच्या शेडीत माठातलं पाणी प्यायला थांबे, कारण माठ थंड होता आणि कारकून, म्हणजे मी, गप्पिष्ट होतो. तिचं सगळं मला एका महिन्यात पाठ झालं. थोरल्या सुनेचं तिच्या पाटीवर लक्ष होतं. म्हणजे सून वाईट नव्हती, पण रोज म्हणायची, आता तुम्ही घरी बसा, बाजार मी करते.

"पन मी कशाला बसू?" मावशी म्हणायची. "घरी बसले की मला कोन विचारील? बाजारात पाच जनी माझ्याशी भांडतात. घरी कोन भांडतंय? ह्यो बांध हाय तंवर मी चालते. लॉऱ्यांच्या रस्त्यानं ह्यो गुडगा नाय येत."

ते खरंच होतं. लॉऱ्यांचा रस्ता लांबून वळसा घालून येई. सिमेंटच्या लॉऱ्या अंगावर आल्या की बाजूच्या चरात उडी मारावी लागे, आणि मावशीचा गुडघा उडी मारण्याच्या पलीकडे गेला होता. बांध बंद म्हणजे तिचा बाजार बंद, इतकं सरळ होतं ते. तिच्या मासळीपेक्षा तिला तिच्या भांडणांची चिंता होती, आणि मला ते अगदी पटत होतं.

एका सकाळी साहेब बांधावर उकिडवे बसले, एका ओल्या ठिपक्याला बोट लावलं, ते हुंगलं आणि उठून म्हणाले, "फलक लावा."

मी म्हटलं, "'बांधावरून जाऊ नये' असं लिहितो."

"नको. उद्या म्हणतील, आम्ही बांधावरून नाही, कडेने गेलो. कालवा म्हणा. कालव्यात बांध आलाच. आणि 'जाऊ नये' मिळमिळीत आहे. 'तुडवू नये' म्हणा."

"कालवा तुडवू नये?"

"कालव्याचा फाटा धरून दोन होतात. अनेकवचन करा."

असं ते वाक्य तयार झालं. निळ्या फळीवर पांढऱ्या रंगात मी ते दोन दिवस खपून रंगवलं. 'कालवे तुडवू नयेत. हुकमावरून.' त्यात 'ळ' नसल्याचं मला वाईट वाटलं, कारण माझा 'ळ' फारच देखणा येई. पण 'डवू'चा उकार असा काही साधला होता की मी तो जाता-येता पाहत असे. शेडीसमोर बांधावर फलक रोवला. साहेब त्या दिवशी पालघरला बैठकीला गेले होते.

नऊ वाजता रांग आली, फलकापाशी थांबली. त्यांतल्या कुणालाच वाचता येत नव्हतं. मावशी म्हणाली, "भाऊ, काय लिवलंय वाचून दावा."

मी शर्ट खाली ओढला, आवाज जड केला आणि वाचलं, "कालवे तुडवू नयेत."

सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या.

"येवढंच?" मावशीने विचारलं.

"एवढंच."

"मंग बरोबर हाय. कोन तुडवील? पाय नाय चिरनार?"

"बघा बाय," दुसरी म्हणाली, "सरकारला आपल्या पायांची काळजी हाय."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या किनाऱ्यावर कालवं म्हणजे खडकाला चिकटलेली शिंपल्यातली कालवं, खायची. ओहोटीला कोळणी ती लोखंडी टोच्याने काढतात. त्यांच्या कडा अशा धारदार की अनवाणी पाय पडला तर फाटलाच. पुस्तकी मराठीत त्यांनाही लिहितात 'कालवे', आणि कालव्याच्या अनेकवचनालाही 'कालवे'. मी किनाऱ्यावर वाढलेला माणूस, ही कालवं लहानपणापासून पाहिलेली. पण दोन दिवस माझं सगळं लक्ष उकारात होतं.

त्याच क्षणी मी खुलासा करायला हवा होता. मी तोंड उघडलंही. पण समोर मावशी एका पायावर भार देऊन उभी होती, आणि खरं सांगायचं तर इतक्या सुंदर अक्षरात आपण घोटाळा केला हे बारा बायकांसमोर कबूल करणं माझ्या जिवावर आलं. मी म्हणालो, "हो. जपून चाला." त्या जपून चालत बांधावरूनच बाजाराला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फलक जागेवर नव्हता. दोन खड्डे तेवढे होते.

साहेब लालबुंद झाले. "सरकारी फलकाची चोरी! शोधून आणा." मी कालव्याच्या काठाने पश्चिमेला निघालो. पिवळं कुत्रं सोबत आलं. भेटेल त्याला मी विचारत गेलो, पाटी पाहिलीत का, आणि मासळीच्या पाट्या सगळ्यांनीच पाहिल्या होत्या. एकाने मला तीन पाट्यांचा भावही सांगितला. शेवटी शेतं संपली, खाजण लागलं, कालव्याचं पाणी खाडीला मिळालं, आणि मी नवापूरच्या किनाऱ्यावर पोचलो.

ओहोटी होती. काळे खडक उघडे पडले होते, आणि त्यांच्या मधोमध, दगडांचा आधार देऊन ताठ उभा होता माझा फलक. तोंड समुद्राकडे. वर एक बगळा बसला होता. खाली मावशी आणि इतर दोघीतिघी टोच्याने कालवं काढत होत्या.

"आलात भाऊ?" मावशी खुश होऊन म्हणाली. "तुमची पाटी चुकून तितं लागलेली. तितं कुटं कालवं? कालवं हितं हायत. आमच्या पाटीवर तुमची पाटी घालून आनली आमी चौघींनी. जड हाय हो."

त्या गुडघ्याने तिने ती फळी किनाऱ्यापर्यंत आणली होती, सरकारची चूक गुपचूप दुरुस्त करायला, म्हणजे मला बोलणी बसू नयेत. यावर रागवायचं कसं ते मला कळेना. मी म्हटलं, "मावशी, साहेबांना ती तिथेच हवी आहे."

"तितं?" तिने साहेबांच्या बुद्धीची कीव केली. "बरं. त्यांची पाटी, त्यांची मर्जी."

मग मी ती फळी डोक्यावर घेतली आणि सगळा कालवा तुडवत परत आलो. वाटेत कारखान्यावरच्या एका मजुराने मला विचारलं, "मछली है क्या?" संध्याकाळी फलक होता तिथे रोवला. मान अवघडल्यामुळे मी त्याच्याकडे वर पाहिलं नाही.

साहेबांनी मात्र आता मनावर घेतलं. कोळणी येतच होत्या, ठिपके पडतच होते. पुढच्या आठवड्यात मोठे साहेब पाहणीला येणार होते. आमच्या साहेबांनी बांधाच्या दोन्ही टोकांना फाटक आणि काटेरी तार लावण्याचा कागद तयार केला, माझ्याच अक्षरात. मोठ्या साहेबांची सही झाली की संपलं. कागद लिहिताना मला मावशी दिसत होती, घरी ओट्यावर बसलेली आणि भांडायला कुणी नसलेली. मला फार वाईट वाटलं. अक्षरही नेहमीसारखं आलं नाही.

आदल्या दिवशी ती पाणी प्यायला आली तेव्हा मी म्हणालो, "मावशी, उद्या बांधावरून येऊ नका. मोठे साहेब आहेत. तुम्हाला पाहिलं तर फाटक लावतील."

"का? पाटीवर तसं लिवलंय?"

"नाही, तसं नाही लिहिलं..."

"मंग? लिवलंय ते आमी पाळतो." तिने पाटी उचलली आणि निघाली.

मोठे साहेब नऊला आले. निवृत्तीला टेकलेले, ठेंगणे, हातात छत्री, जन्म खाली दक्षिण कोकणात कुठेतरी किनाऱ्यावर झालेला. बांध पाहून ते प्रसन्न झाले. आम्ही शेडीपाशी आलो, आमच्या साहेबांनी फाटकाचा कागद पुढे केला, आणि समोरून रांग आली. ठिपक्यांसकट.

"थांबा!" आमचे साहेब ओरडले. "फलक वाचता येत नाही?"

"मला नाय येत," मावशी म्हणाली. "ह्या भाऊनी वाचून दावला. आमी कालवं तुडवत नाय साहेब. तुमीपन तुडवू नका. बूट असला तरी फाटंल."

मोठ्या साहेबांनी सही करायला काढलेलं पेन तसंच हातात धरलं आणि फलकाकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"यावर अनुस्वार आहे," ते म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. 'कालवे'च्या 'वे'वर, मात्रेच्या किंचित उजवीकडे, एक पांढरा, गोल, ठसठशीत ठिपका होता. मी तो दिलेला नव्हता. तो नवापूरच्या खडकावर बसलेल्या त्या बगळ्याने दिला होता.

आता हे समजायला थोडं जुनं व्याकरण हवं. पूर्वी नपुंसकलिंगी अनेकवचनावर अनुस्वार देत. घरें, झाडें, तशीच खायची कालवें. पाण्याच्या कालव्यांवर मात्र तो कधीच नव्हता, कारण ते पुल्लिंगी. नव्या नियमांनी हे ठिपके नुकतेच उडवले होते, आणि मोठे साहेब त्याबद्दल मनातून दुःखी होते.

"कालवें," ते चवीने म्हणाले. "नपुंसकलिंगी अनेकवचन. हा फलक खायच्या कालवांबद्दल आहे."

"साहेब, तो अनुस्वार नाही," आमचे साहेब म्हणाले. "तो पक्ष्याचा... पक्ष्याने केलेला..." पुढचा शब्द त्यांच्या सोवळ्या जिभेवर येईना.

मोठे साहेब माझ्याकडे वळले. "लिहिलं कुणी?"

"मी, साहेब."

"मग सांगा. हा अनुस्वार तुम्ही दिलात, की पक्ष्याने?"

मी शूर माणूस नाही. पुढच्या महिन्यात मला कायम करायचं की नाही, हे आमच्या साहेबांच्या एका शेऱ्यावर होतं, आणि ते माझ्याकडे असे बघत होते की मी खरं बोलेनच याची त्यांना खात्री असावी. खरं बोलायचं तर एक शब्द पुरे होता. मावशीला यातलं काहीच कळत नव्हतं. ती रांगेच्या शेवटी उभी राहून आखडलेला गुडघा हलकेच दाबत होती.

"मी दिला, साहेब," मी म्हणालो.

"म्हणजे तुम्हाला खायची कालवं म्हणायची होती?"

"हो."

"इथे? कारखान्यांच्या मध्ये?"

"मला वाटलं, असतील."

मोठे साहेब हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं, कारण त्यांच्याऐवजी सगळ्या बायका हसल्या. खूप वेळ हसल्या. एकीने पाटी खाली ठेवली आणि मग हसली. मोठ्या साहेबांनी पेनाला टोपण लावलं, फाटकाचा कागद चार घड्या करून खिशात घातला आणि आमच्या साहेबांना म्हणाले, "बायकांना चालू द्या. तुमच्याकडे रोलर नाही. रोज बारा बायका भरल्या पाट्या घेऊन गेल्या तर बांध चांगला बसेल. तसं लिहून पाठवतो." आणि त्यांनी ते खरंच लिहून पाठवलं.

माझा शेराही आला. 'अक्षर उत्तम. मराठी कच्चे. कायम करण्यास अयोग्य.' महिनाअखेर मी सुटलो. पुढे मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, तो भाग वेगळा.

शेवटच्या दिवशी मी माठ उपडा घालून शेडीबाहेर आलो तर मावशी थांबली होती. बाकीच्या पुढे गेल्या होत्या. तिने केळीच्या पानात बांधलेली एक पुडी माझ्या हातात दिली. उघडून पाहिली तर सोललेली कालवं.

"ही बघ, अशी असतात," ती म्हणाली. आजवर ती मला 'तुमी' म्हणायची, आता 'तू'वर आली होती. "तुला कामावरनं काडला ना? आयकलं मी. लय वाईट वाटलं. पन खरं बोलू? बरोबर केलं त्यांनी. येवढा मोठा झालास, कालवं कुटं असतात तेपन तुला म्हाईत नाय."

मला सांगता आलं असतं. पण मग तिला जन्मभर माझे उपकार वाटत राहिले असते, आणि उपकार वाटणाऱ्या माणसाला मोकळेपणाने भांडता येत नाही. मी म्हणालो, "चुकलं, मावशी."

"चुकतं मानूस. चल, बाजारापर्यंत ये माझ्यासंगं."

आम्ही बांधावरून निघालो, तिच्या गुडघ्याच्या चालीने, सावकाश. तिने मला पाटी धरू दिली नाही. म्हणाली, तू पाडशील. बाजारात गेल्यावर तिने मला तिच्या पाच भांडखोर मैत्रिणींसमोर उभं केलं, माझ्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात माझी ओळख करून दिली.

"शिकलेला हाय," ती म्हणाली, "पन चांगला हाय."